टाकीतला फिल्टर बाहेर

मराठी विभागात पहिल्यांदाच लिहितोय. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

माझी सेकंडहँड बाइक कात्रजच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये गचके खायची. सपाट रस्त्यावर मात्र एकदम शहाणी! मेकॅनिककाका म्हणाले, "फ्युएल फिल्टर चोक झालाय." पण तो टाकीच्या आत, पंपाला जोडलेला. सुटा मिळत नाही, अख्खी पंप असेंब्ली घ्यायची. तेवढे पैसे कुठले? मग वाटलं, फिल्टर बाहेरच आणला तर?

कार्बोरेटरच्या गाड्यांत हे सोपं होतं. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर. नाना पेठेतून मी तोच आणला आणि लावला. सकाळी पार्किंगमध्ये किल्ली ऑन केली, पंप घुर्रर्र झाला आणि पेट्रोलचा वास! जोडावर थेंब, आणि त्याच्या खाली इंजिनचं हेड. इंजिन गार होतं म्हणून वाचलो. आईने किल्ली आठवडाभर कपाटात ठेवली.

त्या आठवड्यात आकडेमोड केली, जी आधी करायला हवी होती. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या ३० सेंमी वर धरा, घनता साधारण ७४० किलो प्रति घनमीटर. दाब येतो फक्त ०.०२२ बार. इंजेक्शनच्या बाइकमध्ये पंप साधारण ३ बार देतो, म्हणजे जवळजवळ १३५ पट! १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर जवळपास सगळ्या नव्या बाइक इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे हा प्रश्न आता पुष्कळांचा आहे.

दुसऱ्या वेळी काम नीट केलं. मोकळ्या जागेत, टाकी जवळजवळ रिकामी, बॅटरीची वायर काढलेली. बाहेर मेटल बॉडीचा इंजेक्शनचा फिल्टर, बाण इंजिनकडे. बाहेरचा होज एसएई जे३० आर९, क्लॅम्पही इंजेक्शनचेच. टाकीत जुन्या फिल्टरच्या जागी जो तुकडा जोडला तो मात्र आर१०, कारण तो बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. साधा होज तिथे फुगतो, आणि आता तर ई-२० पेट्रोल आहे. पंपाच्या तोंडाची जाळी तशीच ठेवली.

एक गोष्ट मात्र काकांनाही पटवावी लागली. मूळ रचनेत आधी फिल्टर, मग प्रेशर रेग्युलेटर. आता माझा फिल्टर रेग्युलेटरच्या नंतर आला. तो चोक होऊ लागला की रेग्युलेटरपाशी ३ बार, पण इंजेक्टरपाशी कमी, आणि रेग्युलेटरला पत्ताच नाही! इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब ३ चा २.४ झाला तर पेट्रोल साधारण १०.५ टक्के कमी. ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना हे थोडंफार भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला, म्हणजे नेमकं चढावर, मिश्रण लीन होऊन इंजिन तापतं. म्हणून हा फिल्टर गचक्यांची वाट न बघता बदलायचा. बाहेर असल्याने दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिन सुरू करण्याआधी किल्ली पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावला. कोरडाच राहिला. आईलाही दाखवला, मग किल्ली मिळाली.

परवा कात्रज चौथ्या गिअरमध्येच चढलो. जुना फिल्टर कापून पाहिला तर आत तपकिरी गाळ, टाकीचा गंज. तो अजून टाकीत आहेच. ते काम दिवाळीच्या सुट्टीत.