प्रादेशिक वैमानिक आणि वेगळी चूल

अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपनीला स्वतःचे प्रवासी जवळजवळ नसतात. विमानावरचा रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट तिचे, वेळापत्रक तिचे, बहुधा इंधनाचे बिलही तिचेच. प्रादेशिक कंपनीने वैमानिक, केबिन कर्मचारी आणि मेकॅनिक पुरवायचे आणि ठरलेल्या दराने उड्डाणांचे पैसे घ्यायचे. अशी उपकंपनी समूहातून बाहेर काढून तिचे शेअर मूळ कंपनीच्या भागधारकांना वाटले, की स्पिन-ऑफ झाला. चूल वेगळी मांडून मिळते, पण दाणापाणी पूर्वीच्याच घरातून येते आणि किती द्यायचे तेही तिथेच ठरते.

जुलै 2011 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची पालक कंपनी एएमआर हिने अमेरिकन ईगल अशीच वेगळी काढण्याचा बेत जाहीर केला. अमेरिकनला बाजारभावाने इतर प्रादेशिक कंपन्याही घेता येतील आणि ईगलला इतरांचे काम मिळवता येईल, अशी मांडणी होती. वैमानिकांचे गणित निराळे होते. ईगलच्या ताफ्यात 50 किंवा त्याहून कमी आसनांची जेट बरीच होती आणि महागड्या इंधनात ती परवडेनाशी झाली होती. शिवाय प्रादेशिक कंपनी जुनी होते तशी महाग होते. वैमानिकांची सेवाज्येष्ठता वाढते, पगार वाढतात आणि शेजारी कालपरवा उभी राहिलेली कंपनी तेच उड्डाण स्वस्तात करून देते. निष्ठेने टिकून राहणारा माणूस हाच ताळेबंदातला दोष ठरतो. हे बोलून मात्र कोणी दाखवत नाही.

बेत तडीस गेलाच नाही. 29 नोव्हेंबर 2011 रोजी एएमआरने ईगलसह चॅप्टर 11 खाली दिवाळखोरीचा अर्ज केला. स्पिन-ऑफ बारगळला, सवलती मात्र वैमानिकांना द्याव्याच लागल्या. 2014 मध्ये ईगलचे नाव एन्व्हॉय झाले आणि कंपनी समूहातच राहिली.

चॅप्टर 11 मध्ये विमाने उडत राहतात, म्हणून बाहेरच्यांना काही घडल्यासारखे वाटत नाही. वैमानिकांचा संबंध येतो तो कलम 1113 शी. व्यवस्थापनाने युनियनपुढे प्रस्ताव ठेवायचा, माहिती द्यायची, बोलणी करायची. युनियनने सबळ कारणाविना नकार दिला आणि न्यायाचे पारडे स्पष्टपणे कंपनीकडे झुकले, तर न्यायाधीश सामूहिक करार रद्द करू देऊ शकतात. बोलणी होतात ती ही तलवार डोक्यावर ठेवून. त्यातून निघालेल्या कराराला पुढे ‘परस्परसंमती’ म्हणण्याची पद्धत आहे.

समूहाबाहेरच्या, एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबलेल्या कंपनीचे पुढे काय होते, याची इतर उदाहरणेही आहेत. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने 2003 मध्ये पिनॅकल या आपल्या प्रादेशिक कंपनीचे शेअर बाजारात आणले; 2012 मध्ये पिनॅकल दिवाळखोरीत गेली आणि 2013 मध्ये डेल्टाच्या मालकीची होऊन एन्डेव्हर झाली, म्हणजे फिरून कोणाची तरी उपकंपनीच. नॉर्थवेस्टसाठी उडणाऱ्या मेसाबाला 2005 मध्ये नॉर्थवेस्टच्या दिवाळखोरीपाठोपाठ महिनाभरातच कोर्टाची पायरी चढावी लागली. समूहात राहिल्यानेही अभय मिळत नाही. कॉमएअर डेल्टाच्या मालकीची होती. तिच्या वैमानिकांनी 2001 मध्ये 89 दिवसांचा संप करून पगारवाढ मिळवली, 2005 मध्ये ती डेल्टासोबत दिवाळखोरीत गेली आणि 29 सप्टेंबर 2012 रोजी कायमची बंद झाली.

प्रस्तुत लेखक स्पिन-ऑफ होऊ घातलेल्या, इथे नाव न घेतलेल्या, एका कंपनीत उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक, होता. क्रू रूममध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी पत्रक लागले: काहीही बदलणार नाही, उलट नव्या संधी येतील. त्याच सुमारास शेअर बाजार नियामकाकडे जाडजूड दस्तऐवज दाखल झाला होता. त्यातल्या ‘जोखीम’ प्रकरणात स्वच्छ लिहिले होते, की उत्पन्न जवळपास सगळे एकाच ग्राहकाचे, तो विमाने कमी करू शकतो आणि कर्ज फेडता येईलच असे नाही. पत्रकावर आणि दस्तऐवजावर सही एकाच माणसाची. बैठकीत याबद्दल विचारले तेव्हा ‘वकिलांची भाषा आहे, तसं लिहावंच लागतं’ असे उत्तर मिळाले आणि विचारणाऱ्यावर नकारात्मकतेचा शिक्का बसला. पुढे वैमानिकांची पगारकपात आणि वरिष्ठांना ‘टिकून राहण्याचा’ बोनस एकाच आठवड्यात जाहीर झाले. शिक्का मारणारे साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत रुजूही झाले होते.

अशा वेळी पत्रके बाजूला ठेवून ते जोखीम प्रकरण आधी वाचावे. त्यात तीन गोष्टी शोधाव्या: विमाने कोणाच्या मालकीची किंवा भाडेपट्ट्याची आहेत, मूळ कंपनीशी झालेला करार कोणत्या वर्षी संपतो आणि जुने कर्ज कोणाच्या गळ्यात पडते आहे. विमाने मूळ कंपनीचीच असतील तर ती एका पत्राने दुसरीकडे जातात. वैमानिक जात नाहीत. सेवाज्येष्ठता कंपनीबरोबर मरते. वीस वर्षांचा कॅप्टन नव्या ठिकाणी यादीच्या तळाशी, बहुधा पहिल्या वर्षाच्या पगारावर बसतो. म्हणून जायचेच असेल तर लवकर जावे. सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा चार महिन्यांचा उशीर पुढे सुट्ट्या, नेमणुकीचा तळ आणि कॅप्टनपद यांत वर्षानुवर्षे भरावा लागतो. राजीनाम्याआधी प्रशिक्षणाच्या किंवा भरतीच्या बोनसची परतफेड लागू होते का, तेही पाहावे.

उड्डाणतासांच्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदींच्या प्रती घरी असाव्यात, कारण कंपनीचे पोर्टल बंद होण्याची आगाऊ सूचना येईलच असे नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपू देऊ नये. निवृत्तीच्या 401(के) खात्यातले पैसे ट्रस्टमध्ये असल्याने धनकोंच्या हाती लागत नाहीत, पण ते कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवले असतील तर शेअरसोबत बुडतात. खर्च आटोपशीर ठेवावा, युनियनच्या बैठका चुकवू नयेत, हे सगळेच सांगतात. ते खरेही आहे.

आरोग्यविम्याबद्दल मात्र फारसे कोणी सांगत नाही. नोकरी गेल्यावर कोब्रा कायद्याखाली स्वतः हप्ता भरून कंपनीचा गटविमा काही काळ चालू ठेवता येतो. पण कंपनीने कामकाज गुंडाळून गटविमाच बंद केला, तर चालू ठेवायला काही उरत नाही. घरात कोणाचे औषधपाणी चालू असेल, तर कामकाज बंद होण्याची तारीख जाहीर होताच दुसरा विमा शोधायला लागावे. एचआरच्या उत्तराची वाट पाहू नये, कारण त्या खात्यातल्या लोकांनाही तोवर नोटिसा मिळालेल्या असतात.