बहिष्कार, पण कुणाच्या खिशातून?

आई-बाबांनो,

दिवाळीच्या तोंडावर जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पोरांना घेऊन गेलात, की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "बाबा, ही माळ चायनाची आहे का? मग नको." कुणाचा मुलगा घरातलं खेळणं फोडायला निघतो. कुणाची मुलगी मोबाईलवर आलेली यादी वाचून दाखवते, हे घ्यायचं नाही, ते घ्यायचं नाही. आपल्याला कौतुक वाटतं. लेकराला देशाचं काही वाटतंय, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण नुसत्या कौतुकावर भागत नाही. देशासाठी रागावलेल्या मुलाला पुढचा विचार शिकवायचा असतो, आणि ते काम आपलंच आहे.

मुलांनी गेल्या काही वर्षांत काय काय पाहिलं ते आठवा. जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात आपले 20 जवान शहीद झाले आणि महिनाअखेरीस टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅप बंद झाली. जानेवारी 2024 मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाईट लिहिलं आणि लोकांनी तिथल्या सहली रद्द केल्या. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे. त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईतल्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवला नाही. हे सगळं पोरांनी बघितलं, बरेचदा आपण शेजारी नसताना. त्यांचा राग खरा आहे. "तुला काय कळतं" म्हणून तो दाबू नका. आधी ऐकून घ्या. मग शांतपणे एवढंच विचारा, की या बहिष्काराची किंमत कोण मोजणार?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या इतिहासात चोख दिलेलं आहे. बाबू गेनू शाळेच्या पुस्तकात भेटतो. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवायला तो आडवा झाला आणि जिवानिशी गेला. किंमत त्याने स्वतः दिली. आपल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तिथे ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. त्या अधिवेशनासाठी अमळनेरच्या साने गुरुजींनी जिवाचं रान केलं. त्या पिढीने मऊ विलायती कापड सोडून जाडीभरडी खादी अंगावर घेतली, म्हणजे गैरसोय स्वतःची करून घेतली. आणि याच खादीवाल्या गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिलं, पुढे आंतरभारतीचं, म्हणजे भारतातले प्रांत आणि भाषा एकमेकांशी जोडण्याचं, स्वप्नही पाहिलं. स्वदेशीसाठी दुसऱ्याचा द्वेष करावा लागतो, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता फुले मार्केटातल्या त्या माळेकडे या. चिनी कारखानदाराचे पैसे केव्हाच पोचते झालेत. माळ पडून राहिली तर बुडतो तो उसनवारी करून माल भरलेला आपलाच हातगाडीवाला. घरातलं खेळणं फोडलं तर त्याचे पैसे बाबांनी आधीच दिलेले असतात. नवीन माळ घ्यायची नाही असं घराने ठरवलं तर जरूर ठरवा, मातीच्या पणत्या लावा, छानच आहे. पण फोडाफोडी आणि गाडीवाल्याशी हुज्जत यांना देशभक्ती म्हणू नका.

मूल आठवी-नववीचं असेल तर त्याच्यापुढे आकडेही ठेवा. 2019-20 मध्ये भारताने चीनकडून साधारण 65 अब्ज डॉलरचा माल घेतला. एवढा बहिष्कार गाजल्यावर 2024-25 मध्ये तो 113 अब्जांच्या वर गेला. कारण आपण दिव्यांच्या माळांवर बोलत राहिलो आणि यंत्रं, मोबाईलचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल तिकडूनच येत राहिला. माळ नाकारणं सोपं आहे; तो सुटा भाग इथे बनवायला शिकणं अवघड. जळगावने ठिबकच्या नळ्या आणि चटया बनवून ते करून दाखवलंय. तुमच्या मुलाला चीनचा राग असेल तर त्याला एकदा कारखाना दाखवून आणा.

आणि हेही सांगा, की आपलाही माल कुणाच्या तरी यादीत असतो. 2024 च्या सुरुवातीला बांगलादेशात 'इंडिया आउट' मोहीम चालली, भारतीय वस्तू घेऊ नका म्हणून. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी विरोधकांना टोला मारला होता, मग बायकांच्या भारतीय साड्या का जाळत नाही? एप्रिल 2025 मध्ये त्या देशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं आपलं सूत बंद केलं. सूत अडलं की झळ कापसाला, आणि कापूस म्हणजे चोपडा, पारोळा, शिरपूर. बांगलादेशातल्या एखाद्या घरातही मुलगा आईला म्हणत असेल, "हा कांदा इंडियाचा, नको." त्याने आपल्या शेतकऱ्याला कधी पाहिलेलंही नसतं.

लहानांना बहिष्कार शिकवायचाच असेल तर संक्रांतीला शिकवा. 'चायना मांजा' म्हणून विकला जाणारा नायलॉन मांजा बराचसा आपल्याकडेच बनतो. हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, कारण तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. साध्या दोऱ्याने उडवला तर आपला पतंग लवकर कटेल. कटू द्या. ही किंमत मूल स्वतः मोजतं, म्हणून हा बहिष्कार खरा.

एका बाबतीत मात्र घरात दोन मतं नकोत. देशाचा राग वर्गातल्या मुलावर निघता कामा नये. धुळ्यात, जळगावात, भुसावळात आपली मुलं मुसलमान मुलांबरोबर एका बाकावर बसतात. त्या मुलाला "पाकिस्तानात जा" म्हणणं, किंवा ईशान्येकडून आलेल्या मुलीला "चायनीज" म्हणणं, हा बहिष्कार नाही, ती दांडगाई आहे. तुमच्या मुलाने असं केलंय असं कानावर आलं तर "पोरंच आहेत" म्हणून सोडून देऊ नका. त्याला घेऊन त्या घरी जा आणि माफी मागायला लावा. तुमच्या मुलाला कुणी असं बोललं असेल तर शाळेत जाऊन बोला, गप्प बसू नका. आणि जेवताना आपण काय बोलतो तेही तपासा. मुलं ते शब्द बहुधा आपल्याच ताटाशेजारी उचलतात.

सरकारं भांडतात आणि मिटवतातही. ज्या मालदीवच्या सहली लोकांनी रद्द केल्या, तिथेच जुलै 2025 मध्ये स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे आपले पंतप्रधान होते. पण सरकारांचं मिटलं, हा निरोप मुलांच्या मनातल्या रागापर्यंत कुणी पोचवत नाही. तो आपल्यालाच पोचवावा लागतो. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले आणि 1942 मध्ये तिथेच सेवा करता करता वारले, हीसुद्धा गोष्ट मुलांना गलवानच्याच जोडीने सांगा.

तेव्हा काय घ्यायचं, काय टाकायचं, ते तुमचं घर ठरवेल. फक्त मुलाला एवढं पक्कं शिकवा: बहिष्कार करायचा तर आपल्या खिशातून आणि आपल्या सोयीतून करायचा. ज्याची किंमत हातगाडीवाल्याला किंवा बाकावरच्या दोस्ताला मोजावी लागते, तो बहिष्कार आपल्या घरात नको.