आधी अंतर, मग लेन्स

प्रश्न : आम्ही सनीव्हेलला राहतो. घरचा गणपती, घरच्यांचे चेहरे आणि बेलँड्स पार्कमधले पक्षी टिपायचे आहेत. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला एकच लेन्स कोणती घ्यावी?

उत्तर : तिन्हींना पुरेल अशी एक लेन्स सांगता येणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तुमचं अंतर वेगळं आहे, आणि चेहऱ्याची ठेवण लेन्सपेक्षा अंतरच ठरवतं. खांद्यापर्यंतचं उभं छायाचित्र २४ मिमीने घ्यायला फूटभर जवळ जावं लागतं नि नाक फुगतं. ८५ मिमीने ते चार फुटांवरून नीट येतं. मखर आणि आरतीला उभी माणसं एका चौकटीत हवीत, तर मात्र २४ ते ३५च हवी. खोलीची भिंत काही मागे सरकत नाही. मग झूमच घ्यावी, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, २४-१०५ने घरातलं सगळं निभावतं. आधी तीच घ्या. पण पाणथळीत ४० मीटरवर उभा असलेला, वर वळलेल्या चोचीचा ४५ सेंटिमीटरचा अ‍ॅव्होसेट १०५ मिमीने सेन्सरवर जेमतेम १.२ मिलिमीटर उमटतो, ४०० मिमीने साडेचार. नंतर कापून मोठा करू म्हणाल, तर पिसांचा तपशील मुळात टिपलेलाच नसतो. पक्ष्यांची ओढ टिकली, तर १००-४०० पुढच्या वर्षी घ्या.