दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि औषधाची चिठ्ठी

आचरे-मालवणच्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी ओरोस किंवा थेट गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. म्हणून फोनवरून औषध विचारण्याची सवय आपल्याकडे जुनीच. तिची कायदेशीर बाजू मात्र बराच काळ अस्पष्ट होती. शेजारच्या रत्नागिरीत एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, डॉक्टर गैरहजर असताना फोनवरून औषधे सांगितल्याचा आरोप झाला. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला.

पुढे २५ मार्च २०२० रोजी केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत औषधांचे गट पाडले आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काहींसाठी पहिल्या खेपेस रुग्ण व्हिडिओवर दिसलाच पाहिजे. काही औषधे आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच, त्याच विकारासाठी देता येतात. अमली व मनोविकारी द्रव्ये मात्र पूर्णतः वर्ज्य आहेत. चिठ्ठीवर डॉक्टरची सही व नोंदणी क्रमांक हवा. त्याच एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची मोफत, घरबसल्या ओपीडी सुरू झाली.

तथापि पडद्यावरून नाडी पाहता येत नाही, की पोट दाबून पाहता येत नाही. मधुमेहाची ठरलेली गोळी चालू ठेवण्यास ही सोय उत्तम. छातीत कळ आली तर मात्र १०८ क्रमांकच फिरवावा. हा विवेक ज्याला साधला, त्यालाच ही विद्या तारील.