अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या भगिनी आणि शरीर सैल सोडण्याचा अभ्यास

“काळजी सोड, म्हणजे दिवस जातील,” असे सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सर्वजणी सांगतात. हेतू चांगलाच असतो. परंतु यश आले नाही, तर दोष त्या मुलीच्या काळजीवर जातो. याला शास्त्राचा आधार नाही. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. उपचारापूर्वीच्या मानसिक त्रासामुळे त्या फेरीत गर्भ राहण्याची शक्यता कमी होते, असे त्यात आढळले नाही.

मग हा अभ्यास कशासाठी? तिला स्वतःला ते दिवस सुसह्य व्हावेत म्हणून.

टेस्ट ट्यूब उपचारात सुमारे दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, अधूनमधून सोनोग्राफी, मग बीज काढणे, पुढे बहुधा तिसऱ्या वा पाचव्या दिवशी गर्भ आत ठेवणे, आणि नंतर जवळजवळ दोन आठवडे नुसते वाट पाहणे. हे शेवटचे आम्हांस सर्वांत कठीण वाटते, कारण हातात करण्यासारखे काही उरत नाही. डॉक्टर थोडा वेळ भेटतात; सुई टोचणारी, तारखा समजावणारी परिचारिका अधिक जवळची. १९७८ साली इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब बालक जन्मले, त्यामागील तिघांपैकी जीन पर्डी या मुळात परिचारिकाच होत्या.

परिचारिका जी रीत शिकवू शकते, ती शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडली. निवांत पडावे. मूठ पाच-सात सेकंद आवळावी, मग एकदम सोडून अर्धा मिनिट तो सैलपणा ओळखावा. असेच दंड, कपाळ, जबडा, खांदे, पाय. श्वास कोंडू नये. आमचे विद्यार्थी पेन्सिल इतकी घट्ट धरतात की बोटे पांढरी पडतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मोठ्यांच्या जबड्याचे तसेच आहे. बीज काढल्यावर बीजकोश सुजलेले असतात, म्हणून पोटाचे स्नायू ताणू नयेत. त्या दिवसांत मंद श्वासच पुरे.

भरल्या घरात वीस मिनिटे दार लावून घेणे सुनेला सोपे नसते. ती वेळ घरच्यांनीच काढून द्यावी. नवऱ्यानेही शेजारी पडून हे करावे; तपासणीत कारण पुष्कळदा पुरुषाकडेही निघते. झोप उडाली, रडू आवरेना, तर परिचारिकेला मोकळेपणाने सांगावे. ती समुपदेशकाकडे पाठवील. अभ्यास करता करता झोप लागली, तर मात्र कोणी उठवू नये.