कॅमेरा गळ्यात असू दे

सातारा, जानेवारी

प्रिय भाचेबाई,


शनिवारी तू एकटीच कॅमेरा घेऊन पुण्याच्या पेठांत हिंडणार आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. कोणती लेन्स न्यावी हे तू म्हणे तिला विचारत होतीस. ताईला लेन्स आणि चष्म्याची काच एकच वाटते. म्हणजे विचारायचं मला होतं आणि तू लाजलीस. तर आता न विचारता सांगतो, मामाला तेवढा हक्क असतो.

लेन्स आहे तीच ने. १८-५५ ला उगाच नावं ठेवतात. फक्त ती ३५ वर फिरवून वर चिकटपट्टी लाव आणि घरी येईपर्यंत काढू नकोस. तुझ्या कॅमेऱ्यावर ३५ म्हणजे साध्या डोळ्यांना दिसतं जवळपास तसंच. झूम हाताशी असली की माणूस जागचा हलत नाही, समोरचं जग ओढून घेतो. पट्टी लावलीस की पुढे जायला किंवा मागे सरायला पायच हलवावे लागतील. बाकी ॲपर्चर एफ ८, शटर १/२५० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आयएसओ ऑटोवर, कमाल ३२००. फोटो रॉमध्ये काढ. हे घरीच लावून टाक आणि रस्त्यात बटणांशी खेळत बसू नकोस. बॅटरी आदल्या रात्री चार्ज कर. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

आता मुद्द्याचं. तुला भीती लेन्सची नाही. लोक आपल्याकडे बघतील, ही आहे. नवशिक्या सगळ्यांना ती असते आणि त्यावर सगळे एकच चुकीचा उपाय करतात. कॅमेरा पिशवीत ठेवतात, कोपऱ्यावरून पटकन काढतात, पाठमोऱ्या माणसांचे दोन फोटो घेतात आणि पुन्हा लपवतात. त्यामुळे होतं काय, की निर्मळ मनाचं पोर चोरासारखं दिसायला लागतं. लोकांना कॅमेऱ्याचा राग नसतो, लपाछपीचा असतो. म्हणून मेट्रोच्या स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या कॅमेरा गळ्यात घाल आणि तिथेच राहू दे. (स्टेशनाच्या आत मात्र पिशवीत, तिथले नियम वेगळे असू शकतात.) तू कोण आहेस आणि काय करायला आली आहेस, हे गल्लीला लांबूनच कळलं पाहिजे.

तू फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेशील. तो आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. खरं आहे. पण १९४८ च्या जानेवारीअखेर तो दिल्लीत गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे फोटो काढत होता, तेव्हा त्याच अंत्ययात्रेचे फोटो होमाई व्यारावालाही काढत होत्या. नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या वृत्तछायाचित्रकार बाई. पुरुषांच्या त्या गर्दीत साडी नेसून कॅमेरा सांभाळणारी बाई कुठे लपणार? सुरुवातीला तर त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुरुषांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही आणि त्या शांतपणे हव्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. उघड्यावर उभं राहूनही उत्तम काम होतं, याला मला दुसरा पुरावा नको. ब्रेसाँ मोठा खराच, पण अंगावर रंगीत ओढणी आणि पाठीवर सॅक घेऊन मंडईत शिरणाऱ्या मुलीने त्याच्याकडून हीच एक गोष्ट शिकू नये.

वाट मी आखून देतो, कारण ‘आख्खं पुणं’ करायला निघालीस तर एकही फोटो धड येणार नाही. मेट्रोने मंडईला उतर. मंडईपर्यंतचा भुयारी मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे आता गाडी लावायची कटकट नाही. मंडई, तिथून लक्ष्मी रस्ता, मग शिवाजी रस्त्याने उत्तरेला कसब्यात आणि शेवटी तांबट आळी. परत कसबा पेठ स्टेशनवरून. सरळ चाललं तर थोडकंच अंतर आहे. तू सरळ चालायचं नाहीस.

मंडईची मधली अष्टकोनी इमारत १८८० च्या दशकातली, ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने बांधलेली. जोतीराव फुले नगरपालिकेत असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावावा, असं त्यांचं म्हणणं. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे. हे माहीत असलं म्हणजे फोटो सुधारतो असं नाही, पण मान वर करून मनोऱ्याकडे जरा जास्त वेळ बघशील. आत अंधार असतो, तेवढ्यापुरतं ॲपर्चर उघड. गाळ्यावर विक्रेते उंच बसलेले असतात, त्यामुळे तुझा कॅमेरा आपोआप खालून वर बघेल. ते चांगलंच. भाजीचे ढीग रंगीत असतात म्हणून सगळे भाजीच काढतात. तू हात काढ, जुडी सोडणारे, पैसे मोजणारे. आधी पावशेर मिरच्या विकत घे, मग विचार, ‘काकू, फोटो काढू का?’ हे नेहमी मराठीत आणि डोळ्यांत बघून. ‘कशाला गं, पेपरात देतेस का?’ असं नक्की विचारतील. ‘शिकतेय’ म्हण. खरं तेच सांग, ते पुरतं. परवानगी मिळाली की त्या ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतात. तो एक फोटो घेच, त्यांच्यासाठी. मग तिथेच उभी राहा. गिऱ्हाईक येईल, घासाघीस सुरू होईल, त्या तुला विसरतील. तुझा फोटो तिथून पुढे.

लक्ष्मी रस्त्यावर सकाळी आठ-साडेआठला पोच, दुकानं उघडायच्या आत. हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे सकाळचं ऊन त्याच्या लांबीवरून तिरपं येतं. पूर्वेकडे तोंड केलंस तर माणसं काळी आणि त्यांच्या कडा उजळ. पश्चिमेकडे वळलीस तर तीच माणसं रंगासकट. एका कोपऱ्यावर उभी राहून दोन्ही करून बघ. उन्हाचा एक तुकडा निवड आणि त्यात माणूस येईपर्यंत थांब. माणसाच्या मागे धावलीस की पाठच मिळते. इथे कंटाळा येईल, पण तू हलू नकोस.

पुणेरी पाट्यांचे फोटो काढू नकोस. ते लोकांनी पुरेसे काढले आहेत, आणि त्यात विनोद पाटी लिहिणाऱ्याचा असतो, फोटो काढणाऱ्याचा नसतो.

दगडूशेठ गणपतीच्या आसपास बुधवार पेठेतल्या ज्या गल्ल्यांत बायका दारात उभ्या असतात, तिथून जावं लागलं तर जा, मान खाली घालायचं कारण नाही, पण तिथे कॅमेरा पिशवीत. ही एकच जागा, जिथे मी माझा वरचा सल्ला मागे घेतो. तिथल्या बाईचा एक फोटो कुठल्या गावातल्या कुणाच्या फोनवर पोचेल आणि त्याचं तिला काय मोजावं लागेल, हे तुला-मला कळणार नाही. लहान मुलांचं तसंच, आई-बाप शेजारी असतील आणि हो म्हणतील तरच. झोपलेला भिकारी काढू नकोस. त्याला विचारता येत नाही, एवढं कारण पुरे.

तांबट आळीला वेळ राखून ठेव. कारागीर कामाला बसले की ती आवाजावरूनच सापडते. पेशव्यांच्या काळापासून ही वस्ती तांब्या-पितळेचं काम करते. बंब, घंगाळी, हंडे आणि आता शहरी घरांसाठी दिवे नि कुंड्या. ठोकून ठोकून भांड्यावर जी चमकती नक्षी उमटते त्याला मठारकाम म्हणतात. इथेही तुझं एफ ८ चालणार नाही, आणि १/२५० चा नियमही विसर. ॲपर्चर पूर्ण उघड. प्रकाश बहुधा दारातून येतो आणि मागचा भाग काळा राहतो, तर राहू दे, फ्लॅश लावू नकोस. हातोडा स्थिर हवा असेल तर शटर १/५०० कर. १/६० ला घेतलास तर हातोडा पुसट होईल आणि माणसाचा चेहरा मात्र जागेवर राहील, कारण तो डोळे भांड्यावरून हलवतच नाही. मला दुसरा आवडतो. आत पाय ठेवण्याआधी चप्पल काढायची का ते बघ. काम चालू असताना बोलायला लावू नकोस, एक ठोका चुकला तरी भांड्याला पोचा पडतो. हातोडा खाली ठेवला की मग बोल.

कुणी ‘नको’ म्हटलं तर हसून कॅमेरा खाली. कुणी चिडून ‘पुसून टाक’ म्हणालं तर त्याच्यासमोर पूस. सार्वजनिक जागेत फोटो काढायला हरकत नाही वगैरे कायदा भर रस्त्यात सांगायचा नसतो. तू एकटी आहेस हेही विसरू नकोस. कुणी मागे मागे येतंय असं वाटलं तर जवळच्या हॉटेलात शीर, चहा सांग, ताईला फोन कर. फोटो गेला तरी चालेल.

घरी आल्यावर लगेच नापास ठरवून काही डिलीट करू नकोस. आठवडाभर कार्डाला हात लावू नकोस. मग मला सगळे पाठव. निवडलेले नकोत, कापलेले नकोत, आहेत त्या क्रमाने. कुठे थांबलीस आणि कुठून पळालीस, ते मला क्रमावरूनच कळतं. आणि मंडईतल्या काकूंच्या त्या ताठ बसलेल्या फोटोची पाच बाय सातची प्रिंट काढून त्यानंतरच्या शनिवारी त्यांना नेऊन दे. पुन्हा पुन्हा जाण्याने काय मिळतं ते कळावं म्हणून छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मिळालं तर बघ. तसे फोटो एका फेरीत होत नाहीत.

मिरच्या ताईकडे दे. ठेचा कर म्हणावं.

तुझा,
मामा