परसबागेसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गवतकापणी यंत्राची निवड

बारामती-इंदापूरचा टापू पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. कळस व त्याच्या आसपासच्या गावांत वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे असतो आणि त्यातील मोठा वाटा सप्टेंबर महिन्यात येतो. उन्हाळाभर घराभोवतीची जमीन उघडीबोडकी दिसते. परंतु दोन चांगले पाऊस झाले की पंधरवड्यात कुंपणाच्या कडेला, गोठ्यामागे, विहिरीच्या काठावर व परसातील झाडांच्या ओळींत गुडघाभर गवत माजते. गवताच्या आडोशाने उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग घोणस, फुरसे यांसारखे विषारी साप घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतात. विळ्याने गवत कापणाऱ्याचा डावा हात नेमका त्या गवताच्या बुडाशी जातो, आणि हे काम बहुतेक घरांत बायामाणसांकडे असते. ऊस, डाळिंब व द्राक्षांच्या कामांमुळे मजुरांना बाहेर मागणी असताना परसातील दोन गुंठे गवतासाठी रोजाने माणूस मिळत नाही, हीही अडचण आहे. त्यामुळे बाजारात ‘ग्रास कटर’ या नावाने मिळणाऱ्या बॅटरीवरील हलक्या यंत्राकडे अनेक कुटुंबांचे लक्ष वळू लागले आहे. मात्र डब्यावरील चित्र पाहून घेतलेले यंत्र पहिल्याच पावसाळ्यानंतर माळ्यावर जाऊन पडण्याचा संभव असतो. म्हणून निवड करण्यापूर्वी यंत्राची कार्यपद्धती समजून घेणे अगत्याचे आहे.

या यंत्रात मूळतः पाते नसते. दांड्याच्या टोकाशी एक गोल डोके असते व त्यातून नायलॉनच्या जाड दोरीची टोके बाहेर येतात. डोके वेगाने फिरू लागले म्हणजे दोरी ताठ होते आणि गवताच्या काडीवर आपटून ती तोडते. ही कल्पना १९७१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलास या गृहस्थांना सुचली. मोटारी धुण्याच्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यात मासे पकडण्याची दोरी ओवली व तो डबा फिरवून झाडाच्या बुडाचे गवत कापून पाहिले. आजच्या यंत्राचे तत्त्व तेच आहे. ज्याच्या कापणीचा घेर ३० सेंटिमीटर आहे असे डोके मिनिटास ६,००० फेरे फिरत असेल, तर दोरीच्या टोकाची गती सेकंदास सुमारे ९४ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या घरात जाते. यंत्राचे सारे गुण व सारे धोके या एका आकड्यातून निघतात.

प्रथम या यंत्राकडून कशाची अपेक्षा ठेवू नये ते पाहू. हे तण काढण्याचे यंत्र नव्हे. हराळीचे कासे आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत तशाच राहतात व आठ-दहा दिवसांत नवे फुटवे वर येतात. गाजर गवताच्या बाबतीत तर यंत्राचा उपयोग टाळणेच श्रेयस्कर. १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज रानोमाळ पसरले आहे. त्याचे एक झाड दहा हजारांहून अधिक बी टाकू शकते. वरून छाटल्यास ते बुडाशी फुटून ठेंगणेपणीच फुलावर येते आणि छाटताना उडणारे तुकडे व परागकण अंगावर बसून खाज, पुरळ व दम्याचा त्रास होतो. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. तिसरी गोष्ट वैरणीची. दोरीने तुटलेल्या गवताचा भुगा होऊन तो मातीसह चहूकडे फेकला जातो. जनावरे तो आवडीने खात नाहीत. ज्या बांधावरील मारवेल किंवा पवन्या गोठ्यात न्यावयाचा आहे तेथे विळाच बरा.

उलट, जेथे गवत समूळ काढावयाचे नाही, केवळ आखूड ठेवावयाचे आहे, तेथे हे यंत्र खुरप्यापेक्षा निःसंशय सरस आहे. खुरप्याने तासून काढलेला बांध पहिल्याच जोराच्या सरीने खचतो. तीन-चार बोटे गवत राखून कापलेल्या बांधाची माती मुळ्यांनी धरून ठेवलेली असते. घराभोवतीचा वावर, कुंपणाची कड, पाण्याच्या टाकीभोवतालची जागा व पाऊलवाट हीच या यंत्राची खरी क्षेत्रे होत.

आता बॅटरीविषयी, कारण फसगत होते ती बहुधा येथेच. पाठीवरच्या फवारणी पंपामुळे शेतकऱ्यास ‘बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तास’ ही भाषा परिचयाची झालेली आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला म्हणजे बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मिळते. वरील पंपाच्या बॅटरीत ९६ वॅट-तास साठतात आणि पंपाची मोटर अल्प शक्ती घेत असल्याने तेवढ्यावर फवारणीचे काम तासन् तास चालते. गवतकापणीचे तसे नाही. हलक्या यंत्राची मोटर भरगच्च गवतात २५० वॅट घेते असे धरू. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास असतात; म्हणजे ती साडेआठ मिनिटांत संपेल. ४ अँपिअर-तासांची असल्यास सतरा मिनिटे चालेल. बॅटरी जुनी झाली की यातूनही काही मिनिटे वजा होतात. विरळ गवतात मोटरीवरील भार कमी असल्याने वेळ वाढतो, आणि विक्रेता सांगतो ती वेळ पुष्कळदा अशा विरळ गवताची किंवा रिकामे फिरवण्याची असते.

व्होल्टच्या आकड्यांतही बराच घोळ आहे. या यंत्रांत लिथियम-आयन जातीचे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो व कामाच्या वेळी त्याचा दाब सरासरीने ३.६ व्होल्ट राहतो. पाच सेलांच्या मालिकेस एक उत्पादक ‘१८ व्होल्ट’ म्हणतो, दुसरा ‘२१ व्होल्ट’, वस्तू एकच. मात्र काही स्वस्त यंत्रांच्या बॅटरीवर याच पाच सेलांना ‘४८’ किंवा ‘८८’ असे आकडे छापून त्यांपुढे व्होल्टसारखे दिसणारे अक्षर लावलेले आढळते. असे आकडे व्होल्ट समजू नयेत. बॅटरीच्या मागील लेबलावर वॅट-तास लिहिलेले आहेत काय ते पाहावे, आणि संशय आल्यास किराणा दुकानातील काट्यावर ती ठेवावी. नेहमीच्या लहान सेलाचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते व त्यात सामान्यतः दोन-अडीच अँपिअर-तास मावतात. मोठा सेल सत्तर ग्रॅमच्या सुमारास भरतो. तेव्हा १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास म्हणून दिलेली बॅटरी वेष्टनासह पाव किलोच भरली, तर छापील आकडा खोटा समजावा. काटा खोटे बोलत नाही.

समजा, कळस येथील एका कुटुंबाचे घराभोवती दोन गुंठ्यांचे परस आहे. त्यात लिंबू, पेरू, शेवगा, नारळ व डाळिंबाची काही झाडे असून ठिबकच्या दोन-तीन नळ्या फिरवलेल्या आहेत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. गवत दर पंधरा दिवसांनी कापले जात असेल, तर अशा कुटुंबास ४ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असलेले १८ व्होल्टचे यंत्र पुरे पडावे. गवत महिनाभर वाढू दिले तर तेच यंत्र दमेल. क्षेत्र अर्ध्या एकराच्या पुढे असेल, किंवा बांधावर वाळलेली कुसळी व झुडपे असतील, तर बॅटरीच्या मागे न लागता पेट्रोलवरील ब्रश कटर भाड्याने आणावा हे उत्तम. ३६ व्होल्टची दणकट यंत्रे मिळतात खरी. परंतु त्यांच्या बॅटऱ्यांची किंमत पाहता वर्षातून चार महिन्यांच्या कामासाठी ती घेणे क्वचितच परवडते.

चार्जरकडे कोणी लक्ष देत नाही, ते द्यावे. ४ अँपिअर-तासांची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर दोन-सव्वादोन तासांत भरते; पाऊण अँपिअरच्या चार्जरला त्यासाठी साडेपाच तास लागतात. वीज जाण्या-येण्याच्या वेळा पाहता हा फरक लहान नव्हे. वीज मात्र नगण्य लागते. दहा वेळा बॅटरी भरली तरी एक युनिट होत नाही. फवारणी पंपाची बॅटरी वा चार्जर या यंत्रास जोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. घरात त्याच कंपनीचे ड्रिल किंवा अन्य अवजार असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारे यंत्र घेण्यात शहाणपण आहे.

दुकानात यंत्र उचलून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. त्यात बॅटरी घालून, जे माणूस ते प्रत्यक्ष वापरणार आहे त्याच्याच हाती द्यावे. घरची सासू वा सून वापरणार असेल, तर तिच्या उंचीस दांडा जुळतो काय, दोन हातांची मूठ सरकवता येते काय व दहा मिनिटे धरल्यावर मनगट भरून येते काय, हे पाहावे. कार्बन ब्रशच्या मोटरीपेक्षा ब्रशलेस मोटर तेवढ्याच बॅटरीत अधिक वेळ चालते व तापते कमी. किमतीत थोडा फरक असल्यास तीच घ्यावी. दोरी हलक्या यंत्रास १.६ ते २ मिलिमीटर जाडीची पुरते. अधिक जाड दोरी घातली तर अधिक कापते हा समज चुकीचा असून तिच्यामुळे मोटर जळते. वाळून ठिसूळ झालेली दोरी वरचेवर तुटते. ती एक दिवस पाण्यात भिजत ठेवल्यास पुन्हा लवचिक होते. या यंत्रांसोबत प्लास्टिकची व पत्र्याची पातीही देतात. मुरमाड जमिनीत, जेथे पावलोपावली खडा आहे, तेथे पत्र्याचे पाते बसवू नये. तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जातो. दोरीच्या मागील संरक्षक झडप अडचणीची वाटते म्हणून अनेकजण काढून टाकतात. ती नसलेले यंत्र कमी किमतीत मिळाले तरी घेऊ नये.

परसबागेत या यंत्राने होणारे सर्वांत मोठे नुकसान गुपचूप होते. झाडाच्या बुडाशी उगवलेले गवत साफ करण्याच्या नादात दोरी खोडावर घासते. साल सोलली गेल्याचे त्या दिवशी ध्यानात येत नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते. साल सभोवार कापली गेली तर मुळांची उपासमार होऊन झाड काही महिन्यांत वाळते आणि मालक वाळवीला किंवा पाण्याला दोष देतो. दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या रोपांस एकच फटका पुरतो. डाळिंबाच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. कारण तेल्या व मर या रोगांच्या जंतूंना जखम हा प्रवेशाचा मार्ग मिळतो. यास्तव खोडापासून हातभर अंतराच्या आत यंत्र नेऊच नये. तेवढे आळे खुरप्याने स्वच्छ करून त्यावर उसाचे पाचट अंथरावे. या भागात त्याची वाण नाही. पाचट खोडास भिडू न देता चार बोटे अलीकडे ठेवावे. नव्या रोपांच्या बुडाशी जुन्या पी.व्ही.सी. पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बसवल्यास फुकटात चिलखत होते. चुकून जखम झालीच, तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणाची बोर्डो पेस्ट त्याच दिवशी लावावी. ठिबकच्या नळ्यांचेही तसेच. गवतात दडलेली नळी दोरीने सहज फाटते. म्हणून कापणीपूर्वी नळ्या उचलून खोडाशी किंवा खुंटीवर टांगाव्यात.

काम करताना पायांत बूट, पूर्ण विजार व डोळ्यांवर चष्मा असावा. धोतर, पदर वा ओढणी खोचून घ्यावी. पंधरा मीटरच्या आत मुले व जनावरे नसावीत. साप यंत्राच्या आवाजाने हटतोच असे नाही. प्रथम लांब काठीने गवत हलवून मग पुढे सरकावे आणि काम सकाळच्या उजेडात उरकावे. दोरी अडकली तर बॅटरी काढल्यावाचून डोक्यास हात लावू नये.

यंत्र टिकते किती, हे बॅटरीच्या निगेवर अवलंबून असते. इंदापूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो व पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक उष्णता असते. तेथे ठेवलेली बॅटरी न वापरताही खराब होते. काम झाल्यावर ती तापलेली असताना चार्जरला लावू नये, अर्धा तास थंड होऊ द्यावी. दिवाळीनंतर यंत्र ठेवून देताना बॅटरी पूर्ण भरलेली वा पूर्ण रिकामी न ठेवता सुमारे निम्मी भरून, यंत्रातून काढून, माजघरातील थंड कोनाड्यात ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी व खरेदीच्या वेळीच तसे विचारून ठेवावे.

यंत्रावर शासकीय अनुदान मिळेल या आशेने आधी खरेदी करून मागाहून पावती आणणारे शेतकरी निराश होतात. कोणती यंत्रे अनुदानपात्र आहेत हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे, महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा व पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शक्य तेथे पाच-सहा कुटुंबांत मिळून एक यंत्र व चार बॅटऱ्या घेण्याचे सुचवून पाहावे. परसातील गवत सर्वांचे एकाच दिवशी वाढत असले, तरी ते एकाच सकाळी कापलेच पाहिजे असे नाही. आणि अशा वेळी थोडे महाग परंतु ब्रशलेस मोटरचे यंत्र सहज आवाक्यात येते.